मोटारीचा क्रमपाठ

यंत्र चालविणाऱ्याचें कौशल्य वाढवावें, कीं चुकीला वावच राहूं नये असें यंत्र घडवावें, हा वाद फार जुना आहे. मोटारीचा गिअर बदलण्याचा दांडा ही वस्तु दिसावयास क्षुद्र. परंतु या वादाचें सार तिच्यांत सांठविलेलें आहे. आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांच्या घरीं आतां मोटार आहे आणि मुलेंमुली तिचें सारथ्य करूं लागलीं आहेत. म्हणून आज हा विषय योजिला आहे.

कोंकणांतल्या माणसास तर तो नुसत्या कुतूहलाचा नाहीं. आचऱ्याहून कोल्हापुरास जावयाचें म्हणजे कणकवलीवरून फोंडाघाट, किंवा तळेरे-वैभववाडीवरून करूळ घाट चढणें आलें. आणि परततांना तोच उतरणें आलें. उतारावर गाडीचा खरा आधार योग्य गिअर हा होय. खालच्या गिअरांत इंजिन चाकांस आवरून धरतें. नुसत्या ब्रेकवर भिस्त ठेवली तर ते तापून त्यांची पकड ढिली पडते.

साध्या मोटारींत गिअरांचीं घरें इंग्रजी 'एच्' अक्षराच्या आकारांत मांडलेलीं असतात. दांडा आडवा नेऊन ओळ निवडावयाची, आणि पुढें-मागें करून घर गांठावयाचें. यांत कोणत्याही घरांतून कोणत्याही घरांत जाण्याची मोकळीक आहे. पण भलत्या घरांत शिरण्याचीहि तितकीच मोकळीक आहे. समजा, गाडी पांचव्या गिअरांत असून इंजिन मिनिटास 3000 फेरे घेत आहे. पांचव्याचें प्रमाण 0.75, चौथ्याचें 1 व दुसऱ्याचें 2 धरूं. चौथ्यांत आलों तर फेरे 4000 होतात. पण हात थोडा कलून दांडा दुसऱ्यांत पडला व क्लच सोडला, तर गाडीचीं चाकेंच इंजिनास 8000 फेऱ्यांपर्यंत ओढूं पाहतात. साध्या इंजिनास हा वेग सोसत नाहीं. तेथें पेट्रोल बंद करूनहि उपाय चालत नाहीं. कारण इंजिनास फिरविणारें आतां पेट्रोल नसतें, तर खुद्द गाडीचा वेग असतो.

आचऱ्याच्या तिठ्यावरील रिक्षावाल्यास हें भय ठाऊक नसतें. पेट्रोलच्या पुष्कळ रिक्षांत डाव्या हाताची मूठच क्लचसह फिरवून गिअर बदलतात. पूर्वीच्या बजाज चेतक स्कूटरचीहि रीत हीच होती. मोटारसायकलींत तेंच काम पाय करतो. या सर्वांत घरें एका ओळींत आहेत. चौथ्यांतून दुसऱ्यांत यावयाचें तर वाटेंत तिसरें लागणारच.

संस्कृतज्ञ वाचकांस येथें वेदाचा क्रमपाठ आठवेल. पहिलें पद दुसऱ्याशीं, दुसरें तिसऱ्याशीं, तिसरें चौथ्याशीं जोडून म्हणावयाचें. प्रत्येक पद आपल्या शेजाऱ्यांच्या हातांत हात घालून उभें. स्मरण कितीहि तीव्र असलें तरी तें केव्हां तरी घसरणार, हें ओळखून आमच्या पूर्वजांनीं रक्षणाचा भार एकट्या स्मरणावर न टाकतां रचनेवर टाकला. क्रमवार गिअरामागील बुद्धि नेमकी हीच आहे.

आतां ही रचना आंतून कशी असते तें पाहूं. गिअरपेटींत दंतचक्रांच्या जोड्या सदैव एकमेकींत गुंतलेल्या असतात. मात्र प्रत्येक जोडींतील एक चक्र आपल्या शाफ्टवर मोकळें फिरतें. तें शाफ्टशीं जखडलें कीं ती जोडी कामास लागते. जखडणारे भाग फोर्कांच्या योगें सरकतात. मोटारसायकलींत या फोर्कांजवळ एक ड्रम असतो. त्यावर नागमोडी खोबणी कोरलेल्या असून प्रत्येक फोर्कची खुंटी आपल्या खोबणींत बसते. पायाच्या एका दाबासरशीं ड्रम एक घर फिरतो, आणि स्प्रिंगचा रोलर त्यास तेथेंच धरून ठेवतो. सहा गिअरांच्या मोटारसायकलींत हें एक घर सामान्यतः 60 अंशांचें असतें. एका वेळीं दोन गिअर लागले तर पेटी जागींच जखडेल. तसें होऊं न देण्याची हमी खोबणींच्या आकारांतच असते.

हीच युक्ति मोटारीच्या चालू पेटीवर बाहेरून बसवावयाची झाल्यास खरी परीक्षा सुरू होते. पांच गिअर, न्यूट्रल व रिव्हर्स मिळून सात घरें. पूर्ण फेऱ्यांत तीं बसविल्यास प्रत्येकास सुमारें 51 अंश येतात. येथें ड्रमवर दोन खोबणी लागतात : एक आडव्या हालचालीची, दुसरी उभ्या. पहिल्यांतून दुसऱ्यांत जातांना आडवी खोबण सरळ राहिली पाहिजे. परंतु दुसऱ्यांतून तिसऱ्यांत जातांना उभीनें प्रथम मध्यावर यावें, मग आडवीनें ओळ बदलावी, आणि त्यानंतरच उभीनें पुढें जावें. दोघी एकदम चालल्या तर दांडा कोपऱ्यांत अडकतो. शिवाय मोटारीच्या पेटींत चक्रांचे वेग जुळविणारीं पितळी कडीं असतात; त्यांस क्षणभर अवधि द्यावाच लागतो. पुढें धांवत्या गाडींत रिव्हर्स लागूं नये म्हणून त्या घरापाशीं वेगळी कडी पाहिजे.

महाराष्ट्रांत या विचाराचें चारचाकी रूप बजाज ऑटोनें घडविलें. 2012 सालीं दिल्लीस 'आरई 60' या नांवानें दाखविलेलें व 2015 सालीं 'क्यूट' असें नामकरण झालेलें तें लहानगें वाहन छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूज येथें तयार झालें. सुमारें 216 घनसेंटिमीटरचें एकच सिलिंडर, आणि समोरच्या फळीवर दांडा असलेले पांच क्रमवार गिअर. जणूं रिक्षेची बुद्धि चार चाकांवर बसविलेली. तत्पूर्वीं 1989 सालीं फेरारीनें शर्यतीच्या मोटारींत स्टिअरिंगमागील पाकळ्यांनीं गिअर बदलण्याची सोय आणून त्याच वर्षीं ब्राझीलची शर्यत जिंकली होती. 2014 सालच्या मारुति सेलेरिओंत तर साध्या पांच गिअरांच्या पेटीलाच यांत्रिक हात बसविले गेले. चालकानें अधिक-उणें एवढेंच सांगावयाचें. अशा गाड्यांतील नियंत्रक इंजिनास न झेपणारा खालचा गिअर लावण्याचें सरळ नाकारतो.

मग दोष कोठें आहे? क्रमाचें मोल द्यावें लागतें. पांचव्यांत धांवणारी गाडी एकाएकीं थांबवावी लागली तर 'एच्'मध्यें दांडा एका झटक्यांत पहिल्यावर येतो. क्रमवार पेटींत चार पायऱ्या उतराव्या लागतात, आणि मोटारसायकलीच्या जातीच्या पेटींत गाडी उभी असतां दांते समोरासमोर येऊन अडूनहि बसतात. दुसरें असें कीं, 'एच्'मध्यें दांड्यावर हात ठेवतांच आपण कोठें आहों तें कळतें. क्रमवार दांडा दरवेळीं मध्यावर परत येतो आणि कांहींच सांगत नाहीं. म्हणून आंकडा दाखविणारा दिवा ही अशा रचनेंत चैन नसून गरज आहे.

हौसेनें घरच्या मोटारीवर असे प्रयोग करूं पाहणाऱ्या तरुणांस एवढेंच सांगावेंसें वाटतें कीं, आधीं ती रचना लांकडाच्या नमुन्यावर सिद्ध करावी. शिवाय 1988 च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नें वाहनांतील फेरफारांस बंधनें घातलीं आहेत, तींहि पाहावींत. आणि ज्यांच्या घरीं 'एच्'चीच गाडी आहे त्यांनीं क्रमाचा नियम स्वतःच्या हातास लावून घ्यावा. घाटाच्या माथ्यावर, उतार लागण्यापूर्वींच, वेग कमी करून एकेक गिअर खालीं यावें. उतारावर न्यूट्रल कदापि करूं नये. यंत्रानें जो क्रम आपल्यावर लादलेला नाहीं, तो आपण होऊन पाळणें हीच चालकाची विद्या. आणि मागच्या आसनावर बसलेल्या लेकराबाळांचा जीव त्या विद्येवर सोंपविलेला असतो.