विकत घेतलेलं पुस्तक रात्रीत गेलं कुठं?

समजा वाढदिवसाला मिळालेलं पुस्तक तुम्ही निम्मं वाचून काढलंय. पेन्सिलीनं खुणा केल्यात. रात्री ते उशाशी ठेवून झोपलात. सकाळी बघता, तर पुस्तक गायब आणि तिथं त्याचे पैसे ठेवलेले! दुकानदार येऊन घेऊन गेला म्हणे. कसं वाटेल?

असं खरंच घडलंय, बरं का! जुलै २००९ मध्ये, अमेरिकेत. पुस्तक होतं जॉर्ज ऑर्वेल यांची '१९८४' ही कादंबरी. त्यातलं सरकार सगळ्यांवर पाळत ठेवतं आणि नको ते कागद जाळून नाहीसे करतं. नेमकी तीच कादंबरी नाहीशी व्हावी, ही गंमतच! लोकांनी ती ॲमेझॉन कंपनीच्या 'किंडल' या वाचनयंत्रावर विकत घेतली होती. पण ज्यानं ती विक्रीला ठेवली, त्याच्याकडे अमेरिकेतले हक्कच नव्हते. हे कळताच कंपनीनं दूरवरूनच ती सगळ्यांच्या यंत्रांतून पुसली आणि पैसे परत केले.

मिशिगन राज्यातला एक १७ वर्षांचा मुलगा शाळेच्या अभ्यासासाठी ती वाचत होता. त्यानं केलेली टिपणं उरली, पण ती कुठल्या ओळीवरची, हे सांगणारा मजकूरच गेला! त्यानं सरळ कोर्टात दावा लावला. कंपनीचे प्रमुख जेफ बेझोस यांनी जाहीर माफी मागितली, पुस्तकं परत देऊ केली आणि पुढं दाव्यात तडजोड झाली.

आता हे यंत्र असतं तरी कसं? त्याच्या पडद्याखाली केसाच्या जाडीच्या असंख्य कुप्या असतात. प्रत्येकीत पांढरे आणि काळे कण. दोघांवरचा विद्युतभार उलटा. वीज दिली की हवे ते कण वर येतात आणि अक्षर उमटतं. पान उलटेपर्यंत मग जवळजवळ वीज लागतच नाही! म्हणूनच एकदा चार्ज केलं की ते कित्येक दिवस चालतं आणि उन्हातही कागदासारखं वाचता येतं. ही शाई अमेरिकेतल्या 'एमआयटी' या संस्थेत जन्मली आणि १९९७ मध्ये तिची कंपनी निघाली. पहिलं किंडल आलं नोव्हेंबर २००७ मध्ये. किंमत ३९९ डॉलर, पोटात साधारण २०० पुस्तकं. पहिला साठा साडेपाच तासांत संपला!

आजी-आजोबांना तर हे यंत्र जरूर दाखवा. अक्षरं हवी तेवढी मोठी करता येतात, भिंग नको की काही नको.

लेखकांचंही नशीब यानं पालटलं. अँडी वेअर हे संगणकाचं काम करणारे गृहस्थ. मंगळावर एकट्या अडकलेल्या माणसाची गोष्ट ते आपल्या संकेतस्थळावर फुकट लिहीत. वाचक म्हणाले, किंडलवर आणा. त्यांनी २०११ मध्ये ती ९९ सेंटला विकायला ठेवली. २०१४ मध्ये मोठ्या प्रकाशकानं ती छापली आणि २०१५ मध्ये 'द मार्शियन' हा सिनेमा निघाला. मराठी पुस्तकंसुद्धा डिसेंबर २०१६ पासून किंडलवर मिळू लागली.

पण मला खटकतं ते वेगळंच. कागदी पुस्तक वाचून झालं की मैत्रिणीला देता येतं, रद्दीवाल्याकडून चार रुपयांत आणता येतं. यंत्रातलं तसं नाही. तिथं 'विकत घ्या' असं लिहिलेलं असलं, तरी बहुतेकदा आपल्याला मिळते ती फक्त वाचायची परवानगी! २०१९ मध्ये मायक्रोसॉफ्टनं आपलं ई-पुस्तकांचं दुकान बंद केलं, तेव्हा पैसे सगळ्यांना परत मिळाले, पण पुस्तकं मात्र गेली.

काही पुस्तकांना ही भीती नाही. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी पुस्तक सगळ्यांचं होतं. ऑर्वेल आणि आपले साने गुरुजी दोघंही १९५० मध्ये गेले. म्हणजे भारतात '१९८४' आणि 'श्यामची आई' दोन्ही १ जानेवारी २०११ पासून मोकळी. अमेरिकेत मात्र '१९८४'वरचा हक्क २०४४ अखेरपर्यंत चालणार.

तुमच्या घरी 'श्यामची आई' असेलच. जुनी प्रत असेल तर पहिलं पान उघडा. कुणी कुणाला, कुठल्या साली दिली, ते शाईनं लिहिलेलं आहे का बघा बरं!