राग नेमका कशाचा?

नगरच्या पोरांना रणगाडा पाहायला मोबाईल लागत नाही. १९९४ पासून शहरात रणगाड्यांचं संग्रहालय आहे. चर्चिल, सेंच्युरियन, आपला विजयंता, पाकिस्तानकडून हस्तगत केलेला पॅटन, सगळे तिथे आहेत. शाळांच्या सहली हौसेने तिथे जातात. पालकांची हरकत असते ती खिशातल्या युद्धाला.

२०१९ मध्ये तर ११ वर्षांच्या एका मुलानेच आईमार्फत मुंबई उच्च न्यायालयात पबजी या मोबाईलवरच्या गोळीबाराच्या खेळावर बंदीची मागणी केली. कारण दिलं हिंसेचं. २ सप्टेंबर २०२० ला पबजीवर खरोखरच बंदी आली, पण ती देशाच्या आणि डेटाच्या सुरक्षेपायी. खेळामुळे मुलं हिंसक होतात का, हा प्रश्न तसाच राहिला.

तो सोडवणं अवघड आहे, कारण प्रयोगशाळेत कुणाला मारामारी करू देता येत नाही. मग संशोधक आडवाटेने जातात. खेळून उठलेल्याला विचारतात, समोरच्याला किती मोठा कर्कश आवाज ऐकवाल? किती तिखट सॉस वाढाल? (नगरी माणूस पाहुणचार म्हणूनही जास्तच वाढेल!)

२०१४ मध्ये मानसशास्त्रज्ञ अँड्र्यू प्शिबिल्स्की आणि सहकाऱ्यांनी वेगळीच बाजू तपासली: खेळ न जमल्याची चिडचिड. त्यांनी निवडला टेट्रिस, म्हणजे रक्ताचा थेंबही नसलेला ठोकळ्यांचा खेळ. काहींना मुद्दाम न बसणारे ठोकळे दिले. मग विचारलं, पुढच्या माणसाने बर्फगार पाण्यात हात किती वेळ ठेवायचा? अडलेल्या खेळाडूंनी सरासरी दहा सेकंद जास्त सांगितले. बंदुकीच्या खेळातही तेच दिसलं. गोळीबारापेक्षा न जमणारी बटणं जास्त चिडवत होती.

दुसरी बाजूही आहे. २०१८ मध्ये २४ अभ्यासांतल्या १७ हजारांवर मुलांची आकडेवारी एकत्र केली, तेव्हा हिंसक खेळ खेळणाऱ्यांत पुढे मारझोड किंचित वाढलेली आढळली. पण २०१९ मध्ये १,००४ ब्रिटिश किशोरांच्या अभ्यासात असा संबंध सापडला नाही. अमेरिकन मानसशास्त्र संघटनेनेही २०२० मध्ये म्हटलं की आरडाओरडा, ढकलाढकली यांच्याशी थोडा संबंध दिसतो, गंभीर हिंसेशी जोडण्याइतका पुरावा नाही.

मला टेट्रिसचा प्रयोग जास्त पटतो. पबजीत शंभर जण उतरतात. एकेकटे खेळले तर नव्व्याण्णव हरणारच. शिवाय डाव मध्येच थांबवता येत नाही. शेवटचे पाच उरलेले असताना कुणी मोबाईल हिसकावला, तर पोरगा भडकतो. त्या रागाचं खापर आपण पडद्यावरच्या बंदुकीवर फोडतो.