भरदुपारचा काळोख

वसई तालुक्यात, आगाशीच्या शेजारी वसलेल्या नंदाखाल गावात, जिथे पोर्तुगीज अंमलात सोळाव्या शतकात स्थापन झालेले पवित्र आत्म्याचे चर्च आहे आणि जिथल्या केळीच्या वाड्यांना वाढत्या इमारतींनी अद्याप पुरते गिळलेले नाही, तिथे लग्नसराईच्या दिवसांत फुलांनी सजवलेल्या मोटारीचे छायाचित्र काढण्याची जबाबदारी ज्याच्या शिरावर पडते, त्याची खरी अडचण म्हणजे ऊन. समारंभाची वेळ दोन्ही घरांनी मिळून ठरवलेली असते, सूर्याची वेळ तर त्याहून पक्की. आणि गिऱ्हाइकाची फर्माईश मात्र अशी, की गाडी सिनेमातल्यासारखी, सांजावलेल्या, किंचित गूढ वातावरणात उभी दिसावी. दुपारी साडेतीनच्या चित्रात सायंकाळचे सात वाजवण्याची ही कामगिरी आता संगणकावर पार पाडली जाते, आणि ती बहुधा बिघडते ती एकाच गैरसमजुतीने : उजेड कमी केला की काळोख झाला, असे धरून चालल्यामुळे.

एक्स्पोजरची पट्टी डावीकडे ओढली की आभाळ, टायर, चर्चची भिंत आणि करवल्यांचे चेहरे सारेच एका मापाने मंद होतात, आणि हाती येते ती मळकट झालेली दुपार. संधिकाळी उजेड विषम असतो. पश्चिमेचे आभाळ उजळ राहते, झाडांच्या बुंध्याशी काळोख आधी साचतो, आणि दिवसा ज्याची दखलही कोणी घेत नाही तो गाडीचा दिवा एकाएकी साऱ्या दृश्याचा धनी होतो. शिवाय रंगही पालटतात. भर उन्हात सुमारे एक लाख लक्स उजेड असतो, पौर्णिमेच्या चांदण्यात पाव लक्सच्या आसपास, म्हणजे तफावत सुमारे 4 लाख पटींची. इतक्या अंधुक प्रकाशात लाल रंग काळवंडतो आणि निळा त्या मानाने उजळ भासतो, ही गोष्ट यान पुर्किन्ये या बोहेमियन शास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात नमूद करून ठेवली. चांदणे वस्तुतः उन्हापेक्षा तसूभर तांबूसच असते, तरीही रात्र निळी दाखवण्याचा संकेत चित्रपटांनी असा रूढ केला की आज निळसर छटा नसलेली रात्र प्रेक्षकाला खोटी वाटते. भर उन्हात चित्रीकरण करून रात्रीचा आभास निर्माण करण्याच्या या पद्धतीला फ्रेंच मंडळी ‘अमेरिकन रात्र’ म्हणत, आणि त्याच नावाचा चित्रपट फ्रान्स्वा त्रुफो यांनी 1973 साली काढला. तिचा पहिला दंडक होता, चौकटीत आभाळ शक्यतो येऊ न देणे.

मोटारीच्या बाबतीत हा दंडक पाळणे महाकठीण, कारण मोटार हा चाकांवरचा आरसाच होय. चर्चच्या मागच्या अरुंद रस्त्यावर, वाडीच्या कुंपणाला लागून उभी असलेली एखादी गडद निळी गाडी घ्या. तिच्या बॉनेटवर, टपावर आणि पुढच्या काचेवर आभाळ पडलेले असते, दारांवर समोरचे कुंपण आणि रस्ता, आणि जरा निरखून पाहिले तर मागच्या दारावर कॅमेरा डोळ्याला लावून उभा असलेला छायाचित्रकार स्वतःच. माथ्यावरचे आभाळ हौसेने काळवंडून टाकले आणि बॉनेटवरचे तसेच लख्ख ठेवले, तर चित्र आपल्याच विरुद्ध साक्ष देते. म्हणून जाणता कारागीर पोलरायझर फिल्टर लावून काही प्रतिबिंबे जागेवरच घटवतो, आणि पुढे संगणकावर बॉनेट, काच आणि टप यांचे वेगवेगळे मास्क करून प्रत्येकाचा उजेड वेगळ्या प्रमाणात उतरवतो. केळीच्या पानांचा पिवळट हिरवा रंग तर दुपारची चहाडी सर्वांत आधी करतो. त्याची तीव्रता कमी करून तो निळ्याकडे झुकवावा लागतो. गाडीखालची धारदार सावली झाकायला भोवतीचा रस्ताच तिच्या तोडीस तोड काळा करणे भाग पडते.

एवढी ओढाताण सोसण्यासाठी चित्र रॉ स्वरूपात टिपलेले असावे. जेपीईजीत प्रत्येक रंगाच्या उजेडाच्या 256 पायऱ्या असतात, 14 बिटांच्या रॉ फाइलीत 16,384. कमी पायऱ्यांचे आभाळ काळवंडू लागले की त्यात पट्टे उमटतात, आणि ते लपवायला वरून बारीक कण पेरण्याची तजवीज करावी लागते. सर्वांत नाजूक काम दिव्यांचे. चित्र घेतानाच दिवे चालू ठेवलेले बरे. मग त्या ठिणगीभोवती मऊ कडांचा मास्क घालून प्रभा वाढवता येते, परंतु दिवा लागला म्हणजे समोरच्या रस्त्यावर उजेड पडला पाहिजे, हा साधा हिशेब चुकवलेली चित्रे मी विपुल पाहिली आहेत. चारही कडा काळ्या करण्याची जी सर्रास खोड आहे, तिच्याविषयी न बोललेले बरे.

या साऱ्याला संगणकी लबाडी म्हणून नाके मुरडणाऱ्यांना इतिहासाचा दाखला द्यावासा वाटतो. मुंबईत 1854 साली फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली, भाऊ दाजी लाडांचे बंधू नारायण दाजी ज्या काळी कॅमेरा हाताळत होते, त्याच दशकात फ्रान्समध्ये ग्युस्ताव्ह ल ग्रे एका काचेवरचा समुद्र आणि दुसऱ्या काचेवरचे आभाळ जोडून एक चित्र छापीत होता. पुढे डार्करूममध्ये कागदाचा जो भाग गडद हवा त्यावर हाताच्या आडोशाने जादा प्रकाश सोडण्याची रीत पडली; 1990 साली बाजारात आलेल्या फोटोशॉपमध्ये ‘बर्न’ या हत्याराचे चिन्ह म्हणून तोच वळलेला हात आहे.

काळोखाला मात्र अर्थ असतो. ‘टाइम’ साप्ताहिकाने 27 जून 1994 च्या मुखपृष्ठावर खुनाचे आरोपी ओ. जे. सिम्पसन यांचे पोलिसांनी काढलेले छायाचित्र गडद करून छापले, ‘न्यूजवीक’ने तेच मूळ रूपात छापले, दोन्ही अंक शेजारी मांडले गेले तेव्हा खटला उभा राहण्यापूर्वीच आरोपीला चित्राने अपराधी ठरवले, अशी टीका झाली. लग्नाच्या अल्बमातील गाडीला ही मुभा अवश्य असावी, तिथे कोणाचे काही बुडत नाही. परंतु जुनी गाडी विकताना, विम्याचा दावा गुदरताना किंवा अपघाताच्या पंचनाम्यासाठी काढलेले छायाचित्र हा दस्तऐवज असतो, आणि दारावरचा ओरखडा सायंकाळच्या सावलीत विरघळवणे ही तिथे सरळ फसवणूक होय. तेव्हा वाचकांपैकी ज्यांना हा नाद लागला असेल त्यांनी मूळ फाइल कधीही पुसू नये, आणि गाडी विकायची वेळ आली तर गिऱ्हाइकाला तीच दाखवावी.