येवल्याचा मोर आणि नकलेचा तंटा

जनुकांप्रमाणेच सुरावटी, समजुती आणि पेहरावाच्या तऱ्हाही एका मेंदूतून दुसऱ्या मेंदूत आपल्या नकला उतरवीत पसरतात, असे प्रतिपादन करून रिचर्ड डॉकिन्स या जीवशास्त्रज्ञाने १९७६ साली ‘द सेल्फिश जीन’ या ग्रंथात या सांस्कृतिक प्रतिरूपकाला ‘मीम’ असे नाव दिले. पण मीम म्हणजे नेमके काय, हा तंटा अद्याप निकाली निघालेला नाही. मोबाइलवरील थट्टेच्या चित्रांनी ते नाव बळकावले, तो भाग निराळा.

तंट्यातील मेख पाहावयाची तर नाशिक जिल्ह्यातील येवल्याच्या पैठणीवरचा बांगडी-मोर पाहावा. विणकर चौकटीच्या कागदावरील नकाशाबरहुकूम ताण्याचे धागे मोजतो, प्रत्येक रंगाची निराळी कांडी तेवढ्याच धाग्यांतून फिरवतो आणि दोन रंग भेटतात तेथे त्यांचे धागे एकमेकांत गुंतवतो; म्हणून अस्सल हातमागाचा पदर उलटा केला तरी मोर तसाच दिसतो. आता येथे प्रतिरूपक कोण? तयार पदर पाहून त्याची नकल करणे वेगळे आणि कृतीच्या सूचनांची नकल करणे वेगळे, असा भेद मानसशास्त्रज्ञ सूझन ब्लॅकमोर यांनी १९९९ साली केला. त्या न्यायाने नकाशा हाच दावेदार ठरतो, आणि विज्ञानाचे तत्त्वज्ञ डेव्हिड हल यांच्या परिभाषेत साडी ही केवळ बाजारात उतरून त्याच्या वतीने बरेवाईट भोगणारी.

मानववंशशास्त्रज्ञ डॅन स्पर्बर यांची हरकत मात्र मूलगामी आहे. नकल म्हणावयास दोन वस्तू सारख्या असणे पुरेसे नाही. ते सारखेपण पहिलीतूनच दुसरीत आले पाहिजे. मोराच्या अंगावरील पायरीपायरीच्या कडा कोणी कोणाकडून उचललेल्या नाहीत, त्या आडव्या-उभ्या धाग्यांच्या बंधनातून प्रत्येक मागावर नव्याने उपजतात. तेवढे साम्य नकलेच्या खाती मांडणे म्हणजे जमाखर्चात लबाडी करणे होय. शिवाय नकल करण्यात हातापेक्षा ताण्याचे धागे आपोआप उचलणारी जकार्ड यंत्रणा अधिक बिनचूक आणि अधिक वेगवान, तरी मोल हातमागाच्याच पैठणीला अधिक, हे निव्वळ प्रसाराच्या हिशेबात कोठे बसावयाचे?

आमच्या मते प्रतिरूपकाचा किताब नकाशाला आणि जकार्डच्या भोकांच्या पुठ्ठ्यांना खुशाल द्यावा; डोक्याडोक्यांतून भटकणाऱ्या ‘मोराच्या कल्पने’ला तो देण्याइतका पुरावा अजून दाखल झालेला नाही.