दुकानासाठी कॉम्प्युटर घेताय? आधी पेटीच्या आत डोकावून पाहा

"कोणत्या कंपनीचा कॉम्प्युटर घ्यावा?" हा प्रश्न आमच्या व्यापारी बांधवांकडून वारंवार विचारला जातो. विचारणारा कधी मालेगावचा लूमवाला असतो, कधी भिवंडीचा गोदामवाला, कधी निकाहच्या पत्रिका छापणारा प्रेसवाला, तर कधी मशीनवर भरतकाम करणारा कारागीर. सर्वांना एका शब्दात उत्तर हवे असते. डेल, एचपी, लेनोव्हो, एसर की आणखी कोणी? एका शब्दात उत्तर देता आले असते तर आम्ही या पानाची एवढी जागा अडवली नसती.

आधी आमचीच फजिती सांगतो. आमच्याकडे पाने लावण्यासाठी एका नामांकित कंपनीचा तयार कॉम्प्युटर होता. कंपनीचे नाव घेत नाही. अंक छपाईला जाण्याच्या आदल्या दुपारी तो बंद पडला. शेजारचा दुरुस्तीवाला आला, पेटी उघडली, "पॉवर सप्लाय गेला" म्हणाला आणि पिशवीतून नवा काढला. तो बसेना. स्क्रूची भोके जुळेनात, वायरीचे तोंड मदरबोर्डच्या खोबणीत जाईना. वॉरंटी संपून चार महिने झाले होते. कंपनीचा सुटा भाग मिळेपर्यंत सहा दिवस गेले आणि त्या आठवड्याचा अंक दुसऱ्याच्या प्रेसमध्ये बसून, त्याचे उपकार घेऊन काढावा लागला.

यात दुरुस्तीवाल्याचा दोष नव्हता. बाजारात सुटे भाग जोडून जो कॉम्प्युटर तयार होतो त्यात एटीएक्स नावाच्या ठरावीक मापाचा, २४ पिनांच्या तोंडाचा पॉवर सप्लाय असतो. तो कोणत्याही शहरात तासाभरात मिळतो. मोठ्या कंपन्यांच्या तयार डेस्कटॉपमध्ये मात्र बहुधा कंपनीने स्वतः ठरवलेले माप व वेगळे तोंड असते. डेल, एचपी आणि लेनोव्हो या तिघांच्या ऑफिसच्या मॉडेलांत हा प्रकार सर्रास आढळतो. मदरबोर्डही त्याच पेटीपुरता. म्हणजे नामांकित माल घेतला की त्या कंपनीच्या सेवेशी आपली गाठ बांधली जाते. सेवा चांगली असेल तर ही गाठ सुखाची, नाही तर गळ्याला फास.

एक काळ असा होता की आपल्याकडे एचसीएल, विप्रो, झेनिथ ही नावे चालत. विप्रो व एचसीएल यांनी २०१३ च्या सुमारास स्वतःच्या नावाचे कॉम्प्युटर बनवणे थांबवले. कॉम्पॅक २००२ मध्ये एचपीत विलीन झाली. ज्या आयबीएमने १९८१ मध्ये पीसी बाजारात आणला, तिने आपला पीसीचा धंदा २००५ मध्ये चीनच्या लेनोव्होला विकला. नावावर भिस्त ठेवणाऱ्यांनी हा इतिहास ध्यानात ठेवावा.

आता मुख्य मुद्दा. प्रत्येक मोठ्या कंपनीच्या घरात दोन चुली आहेत. एक घरगुती गिऱ्हाइकासाठी, दुसरी ऑफिससाठी. एचपीचा पॅव्हिलियन घरगुती, प्रोडेस्क व एलिटडेस्क ऑफिसचे. लेनोव्होचा आयडियासेंटर घरगुती, थिंकसेंटर ऑफिसचा. एसरचा अस्पायर घरगुती, व्हेरिटॉन ऑफिसचा. डेलचा ऑप्टिप्लेक्स वर्षानुवर्षे ऑफिसचा म्हणून ओळखला गेला. जानेवारी २०२५ मध्ये डेलने जुनी नावे बदलण्याचे जाहीर केले आणि ऑफिसच्या मालाला डेल प्रो म्हणू लागली. असूसचा ऑफिसचा माल एक्सपर्टसेंटर या नावाने येतो.

मोठ्या शोरूममध्ये तुमच्यापुढे ठेवला जाईल तो बहुधा घरगुती माल. दिसायला देखणा, कित्येकदा पडद्यातच सगळे सामावलेला. व्यापाऱ्याने त्यात अडकू नये असे आमचे स्पष्ट मत आहे. पडदा बिघडला की कॉम्प्युटरही दुरुस्तीला जातो आणि गल्ल्यावरचे बिल हाताने लिहावे लागते. ऑफिसच्या मालात पेटी सहज उघडते, रॅम व डिस्क बदलता येते, आणि मुख्य म्हणजे दुकानावर येऊन दुरुस्ती करण्याची तीन वर्षांची हमी घेता येते. घरगुतीत ती बहुधा एकाच वर्षाची असते. आमची फजिती झाली त्याचे खरे कारण हेच, की आम्ही दोन वर्षांची वाढीव हमी घेण्यात कंजूषपणा केला होता.

मोठ्या नावाला कधी ठोकर लागत नाही असे मात्र नाही. २००३ ते २००५ या काळात डेलने विकलेल्या ऑप्टिप्लेक्सपैकी लाखो कॉम्प्युटरांत खराब कपॅसिटर निघाले. ते फुगत, गळत आणि यंत्र बंद पडे. लेनोव्होने २०१४-१५ मध्ये काही घरगुती लॅपटॉपमध्ये सुपरफिश नावाचा जाहिराती घुसवणारा प्रोग्राम भरून दिला. त्यावर २०१७ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनबरोबर तडजोड करावी लागली. तो लॅपटॉपही घरगुती चुलीवरचाच होता, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

ॲपलचा मॅक मिनी काही तरुण मंडळी सुचवतात. नोव्हेंबर २०२४ मध्ये आलेल्या मॉडेलची किंमत भारतात ५९,९०० रुपयांपासून ठेवली होती आणि यंत्र उत्तम आहे, यात वाद नाही. पण टॅली विंडोजवर चालते, उर्दू जुळणीचे इनपेजही विंडोजचे. शिवाय त्यात रॅम मागाहून वाढवता येत नाही. हिशेब व पत्रिका करणाऱ्याने त्या वाटेला जाऊ नये.

आकाराचाही विचार करावा. लेनोव्होचा टायनी, एचपीचा मिनी, डेलचा मायक्रो हे वहीएवढे डबे गल्ल्याखाली मावतात, लॅपटॉपसारख्या अडॉप्टरवर चालतात आणि वीज गेली तर छोट्या यूपीएसवरही बराच वेळ टिकतात. हिशेबासाठी उत्तम. लूमच्या शेडमध्ये मात्र सुताचे तंतू त्यांच्या लहानशा पंख्यात अडकतात, म्हणून दर महिन्याला फुंकून साफ करण्याची शिस्त हवी. ज्यांचे जुने सॉफ्टवेअर प्रिंटरच्या रुंद पोर्टला लावायच्या हार्डवेअर लॉकवर चालते, त्या प्रेसवाल्यांनी व डिझाइनवाल्यांनी तर पैसे देण्यापूर्वी पेटीची मागची बाजू पाहावी. तो पोर्ट नव्या यंत्रांत सहसा नसतो. यूएसबीचे जोडतोंड लावून प्रिंटर चालेल, लॉक चालेलच असे नाही.

यापेक्षा गंभीर बाब जुन्या मालाची आहे. बँका व कॉल सेंटरमधून निघालेले ऑफिसचे कॉम्प्युटर धुऊनपुसून विकण्याचा मोठा धंदा आहे आणि त्यात आपलीही पुष्कळ मुले आहेत. माल वाईट नसतो. पण विंडोज १० ची नियमित मोफत सुरक्षा सेवा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली. वाढीव मुदत मिळते, तीही ठरावीक काळापुरतीच. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सोय लागते आणि इंटेलचा प्रोसेसर साधारणपणे आठव्या पिढीचा किंवा पुढचा लागतो. ओळखण्याची खूण सोपी आहे. आय५-६५०० असे लिहिले असेल तर सहावी पिढी, आय५-८५०० असेल तर आठवी. सहावीच्या यंत्रावर कोणी आडमार्गाने विंडोज ११ चढवून दिले तरी मायक्रोसॉफ्ट त्याची जबाबदारी घेत नाही. ज्या यंत्रावर तुमचे जीएसटीचे पासवर्ड आणि बँकेचे व्यवहार आहेत, तेथे ही जोखीम कशाला?

विकणाऱ्यांनाही दोन शब्द. वरून कोरडे आणि आतून भिजलेले धान्य विकणाऱ्याची हदीस आपण सर्वांनी जुम्म्याच्या बयानात ऐकली आहे. पिढी न सांगता सहावीचा माल आठवीच्या भावात देणे हे त्याच ढिगातले आहे.

विंडोजवरून आणखी एक गोष्ट. पुष्कळ मॉडेले 'डॉस'सह, म्हणजे विंडोजशिवाय येतात व काही हजारांनी स्वस्त पडतात. मग दुकानदार "टाकून देतो" म्हणतो. ते चोरीचे असते. १९८८ मध्ये कुवेतच्या अधिवेशनात आंतरराष्ट्रीय इस्लामी फिक्ह अकादमीने लेखन, शोध व व्यापारी नाव यांवरील हक्क शरीअतनुसार संरक्षित मानले आहेत. तेव्हा भावाची तुलना करताना विंडोजसह किंमत धरावी. नाही तर तुलनाच खोटी ठरते.

आणि हप्त्यांचे काय? 'नो-कॉस्ट ईएमआय' म्हणजे बिनव्याजी असे समजून आमचे अनेक बांधव निःशंकपणे सही करतात. प्रत्यक्षात कार्डावरच्या व्यवहारात बँक व्याज लावते, विक्रेता किंवा कंपनी तेवढी सूट आधी देते, आणि त्या व्याजावर जीएसटी तुम्ही भरता. बँकेचे विवरण काढून पाहा, व्याजाची ओळ तेथे छापलेली सापडेल. शून्य टक्के व्याज असे काही नसतेच, हे रिझर्व्ह बँकेनेही २०१३ मध्ये बँकांना बजावले होते. सूदपासून दूर राहू इच्छिणाऱ्याने आपल्या आलिमांना हे विवरण दाखवून विचारावे. आमचा अनुभव असा की रोख देतो म्हटल्यावर तीच सूट पुष्कळदा सरळ किमतीतून मिळते. फक्त दुकानदाराला तोंडाने विचारावे लागते.

बिल स्वतःच्या जीएसटी क्रमांकावर घ्यावे. कॉम्प्युटरवर १८ टक्के कर आहे. नियमित नोंदणी असलेल्यास त्याची वजावट मिळते, कंपोझिशनवाल्यास मिळत नाही. पेटीवरचा क्रमांक, डेलमध्ये ज्याला सर्व्हिस टॅग म्हणतात, तो दुकानातच मोबाइलवर कंपनीच्या साइटवर टाकून हमी कोणत्या तारखेपासून सुरू आहे ते पाहावे. गोदामात पडून राहिलेल्या मालाची हमी कधी कधी आधीच सुरू झालेली असते, आणि बिल दाखवून ती तारीख दुरुस्त करून घ्यावी लागते.

आम्ही स्वतः यंदा काय केले ते सांगतो. तीन कंपन्यांच्या विक्रेत्यांना एकच प्रश्न विचारला: पॉवर सप्लाय गेला तर आमच्या पिनकोडवर माणूस किती दिवसांत येईल, ते लिहून द्या. दोघांनी "येईल, येईल" म्हटले. तिसऱ्याने दुसऱ्या कामाच्या दिवशी असे कागदावर लिहून शिक्का मारला. त्याच्याकडून ऑफिसच्या मालिकेतला टॉवर, सोळा जीबी रॅम व तीन वर्षांची हमी घेतली, आणि तो कागद बिलासोबत टाचून कपाटात ठेवला आहे.