परदेशी सेवेला निघण्याआधी

"काका, चार आठवडे आफ्रिका. गावोगाव तपासणी, आरोग्य शिबिरं, शेवटी सर्टिफिकेट." नर्सिंगच्या तिसऱ्या वर्षाला असलेल्या शेजारच्या मुलीने मोबाईल माझ्यापुढे धरला. बाहेर गगनबावड्याचा जुलै चालू होता. कुंभी नदीचं पाणी मांडुकलीजवळ रस्त्यावर आलेलं, एसटी बंद, त्यामुळे तिचं कॉलेज बुडालेलं आणि मला ती जाहिरात सावकाश वाचायला वेळ मिळालेला. पैशांचा आकडा अगदी शेवटच्या पानावर होता. तिच्या वडिलांचं एका हंगामाचं उसाचं बिल त्यात गेलं असतं. विमानाचं तिकीट वेगळं.

"सेवा मी करायची, मग पैसे मीच का भरायचे?" हा तिचा पहिला प्रश्न. प्रश्न रास्त आहे, कारण परदेशातली स्वयंसेवा म्हणजे सगळी फुकट, किंवा सगळी फसवणूक, हे दोन्ही गैरसमज आपल्याकडे एकाच घरात सापडतात. खरं तर एकाच नावाखाली दोन वेगळे व्यवहार चालतात. संयुक्त राष्ट्रांचा स्वयंसेवक कार्यक्रम १९७०पासून आहे, त्याचं मुख्यालय जर्मनीत बॉन इथे. तिथे निवड झालेल्या आणि प्रत्यक्ष देशात जाणाऱ्या स्वयंसेवकाला राहण्याखाण्याचा भत्ता मिळतो आणि अर्जाला एक रुपयाही लागत नाही. १९७१ साली फ्रान्समध्ये सुरू झालेली 'मेदसां सां फ्राँतिएर' ही डॉक्टरांची संघटनाही परदेशी पाठवलेल्यांना मोबदला देते. पण तिला शिकलेली, काही वर्षं काम केलेली माणसं लागतात. दुसरा व्यवहार म्हणजे 'प्लेसमेंट'. इथे गिऱ्हाईक तुम्ही. राहणं, जेवण, विमानतळावरून नेणं-आणणं, सोबतीला माणूस आणि कंपनीचा नफा, हे सगळं त्या शुल्कात असतं. यात बेकायदा काही नाही. फक्त त्याला सहल म्हणावं, आणि भरलेल्या पैशातले किती त्या गावच्या दवाखान्यात पोचतात हे लेखी मागावं. उत्तर गोलमोल आलं की समजायचं ते समजावं.

पुढची अपेक्षा तिने जरा दबकत सांगितली: इथे हात लावू देत नाहीत, तिकडे टाके घालायला, इंजेक्शन द्यायला मिळतं म्हणे.

मी तिला म्हटलं, उलटं करून बघ. उद्या युरोपातला एकोणीस वर्षांचा पोरगा आपल्या ग्रामीण रुग्णालयात आला आणि भातलावणीत फुरसं चावलेल्या बाईच्या हातात सुई टोचायला निघाला, तर तुझी आई काय करेल? त्या पोराला फुरसं कळत नाही, घोणस कळत नाही. 'चिखलात काहीतरी डसलं' म्हणजे नेमकं कुठे, किती वाजता, हे त्या बाईच्या बोलीत विचारता येत नाही. लस दिल्यावर ॲलर्जी उठली तर धावपळ करायची ती आपल्याच नर्सने, आणि गरज लागली तर पन्नासहून अधिक किलोमीटर लांब कोल्हापुरात सीपीआर रुग्णालयात न्यायचं तेही आपल्याच माणसांनी. बहुतेक देशांत डॉक्टर-नर्सला तिथल्या परिषदेची नोंदणी किंवा तात्पुरती परवानगी लागते, आपल्याकडेही लागते. महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी सीमेपलीकडे आपोआप चालत नाही, आणि विद्यार्थिनीला तर तीही नसते. जे इथे करायची मुभा नाही ते तिकडे करू देतात, याचा अर्थ एवढाच की तिथल्या गरिबाला दाद मागायला जागा नाही.

टाके घालणं हे सामुदायिक आरोग्याचं मुख्य काम नव्हेच. बाळाचं वजन, गरोदर बाईची नोंद, पाण्यात टाकायचं क्लोरीन, जुलाब झालेल्याला ओआरएस, क्षयाच्या गोळ्या मध्येच सोडणाऱ्याची समजूत. यातल्या प्रत्येक कामाला भाषा लागते, आणि चार आठवड्यांत भाषा येत नाही.

इथे कुणीतरी हमखास डॉ. कोटणीसांचं नाव काढतं. तेही चीनला गेले होतेच की! सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस आपल्याला माहीत आहेत ते बरेचसे सिनेमातून. आमच्या कोल्हापूरच्या मातीतल्या व्ही. शांतारामांनी १९४६मध्ये तो काढला आणि नायकाचं कामही स्वतःच केलं. त्यामुळे मनात चित्र राहतं ते एकट्या भारावलेल्या तरुणाचं. प्रत्यक्षात ते एकटे गेले नाहीत आणि आपण होऊन कुणाच्या दारात उभे राहिले नाहीत. जपानी आक्रमणाशी लढणाऱ्या चिनी फौजेचे सेनापती झू दे यांनी पंडित नेहरूंकडे डॉक्टरांची मदत मागितली. काँग्रेसचे तेव्हाचे अध्यक्ष सुभाषबाबूंनी देशाला आवाहन केलं, वर्गणीतून सुमारे २२ हजार रुपये जमले आणि एक रुग्णवाहिकाही मिळाली. सप्टेंबर १९३८मध्ये पाच डॉक्टर मुंबईहून बोटीने निघाले: अटल, चोळकर, कोटणीस, बसू, मुखर्जी. चोळकर नागपूरचे, म्हणजे पाचांतले दोघे आपल्याकडचे. म्हणजे आधी मागणी, मग पैसा उभा करणारी संस्था, मग शिकून पदवी घेतलेली माणसं. क्रम असा होता.

त्यानंतरचं तर 'प्लेसमेंट'च्या मापात बसतच नाही. बाकीचे टप्प्याटप्प्याने परतले, कोटणीस राहिले. चिनी बोलायला, लिहायला शिकले. १९४१ साली ते बेथून यांच्या नावाच्या आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे प्रमुख झाले. हे नॉर्मन बेथून कॅनडाचे सर्जन. तेही चीनमध्येच काम करता करता १९३९मध्ये वारले होते. तिथल्याच गुओ चिंगलान या परिचारिकेशी कोटणीसांनी लग्न केलं. ९ डिसेंबर १९४२ रोजी ते वारले, ते गोळी लागून नव्हे, अपस्माराच्या झटक्यांनी. वय ३२. मुंबईहून निघाल्यापासून चार वर्षं तीन महिने. चार आठवड्यांची जाहिरात करणाऱ्याने त्यांचं नाव घ्यावं, हे मला तरी खटकतं.

व्हिसाचं थोडक्यात. 'टुरिस्ट व्हिसा काढा, तिकडे कोण विचारतंय' असं सांगणारा एजंट असेल तर उठून यावं. पगार नसला तरी स्वयंसेवा हे बऱ्याच देशांच्या लेखी कामच असतं. ब्रिटनमध्ये पर्यटकाला नोंदणीकृत धर्मादाय संस्थेत फार तर ३० दिवस स्वयंसेवा करता येते. त्याहून जास्त राहायचं तर वेगळा व्हिसा, तोही १२ महिन्यांपर्यंतच. आपल्या ई-टुरिस्ट व्हिसावर येणाऱ्या परदेशी माणसालाही एक महिन्यापर्यंतचीच बिनमोबदला सेवा चालते. आफ्रिकेतल्या पुष्कळ देशांसाठी पीतज्वराची लस लागते. ती सरकारमान्य केंद्रावरच घ्यावी लागते आणि दाखला दहा दिवसांनी लागू होतो. एकदा घेतली की आता जन्मभर चालते. दाखला नसताना पीतज्वर असलेल्या देशातून परत आलात तर सहा दिवसांपर्यंत वेगळं ठेवू शकतात.

आणि सर्टिफिकेट? ते हजेरीचा कागद आहे. त्यावर कुठली नोंदणी होत नाही.

एक गैरसमज मात्र तिने बोलून दाखवला नाही, तरी तो त्या जाहिरातीच्या प्रत्येक फोटोत होता: आरोग्याचं शहाणपण बाहेरून गरीब गावात न्यायचं असतं. जामखेडला आरोळे डॉक्टर दांपत्याने १९७०मध्ये काम सुरू केलं ते गावातल्याच बायकांना हाताशी धरून. त्यांतल्या कित्येकींना अक्षरओळख नव्हती, कित्येक दलित होत्या. १९७९मध्ये दोघांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला, आणि आज जगभरची माणसं जामखेडला शिकायला येतात. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावच्या बायकांना नवजात बाळाची घरच्या घरी काळजी घ्यायला शिकवलं. त्यातून नवजात मृत्यूंचं प्रमाण ६२ टक्क्यांनी घटलं, हे १९९९मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं. पुढे घरी जाऊन बाळ तपासायचं तेच काम देशभरातल्या आशा कार्यकर्त्यांकडे आलं.

आशांचं सरकारी नाव काय, तर 'आशा स्वयंसेविका'. २०२२मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने त्यांचा गौरव केला. राज्य सरकारने मोबदल्यात महिना ५ हजार रुपयांची वाढ दिली ती २०२४मध्ये, संप आणि आझाद मैदानावरचा ठिय्या झाल्यावर. परदेशी सेवेला पैसे मोजणारी ती स्वयंसेवक आणि धनगरवाड्यावर चढणारी तीही स्वयंसेविका, शब्द एकच.

मुलीला मी 'जाऊ नको' म्हटलेलं नाही. नोंदणी होऊ दे, दोन वर्षं वॉर्डात काढ, मग जिथून बोलावणं येईल, जिथे भत्ता मिळेल, तिथे खुशाल जा. तुमच्याही घरात अशी जाहिरात आली असेल तर फॉर्म भरण्याआधी पावसाळ्यात एक दिवस आपल्या आशाताईला विचारून तिच्याबरोबर वाडीवर जाऊन या. छत्री नेऊ नका, घाटमाथ्याच्या वाऱ्यात ती उलटते. रेनकोट घाला, आणि खिशात मिठाची पुडी ठेवा. जळवा फार असतात.