आधी एकेकट्याशी

लग्नाची तारीख ठरवायला जोडपं पॅरिशच्या ऑफिसात येतं तेव्हा बरोबर दोन्हीकडचे आईवडील असतात, एखादे मामा असतात आणि बहुतेकदा हॉलच्या बुकिंगची पावतीही असते. आमच्या वसईत आगमनकाळ आणि उपवासकाळ सोडून लग्नं धरतात. त्यामुळे नाताळनंतर आणि ईस्टरनंतर हॉलची मारामार असते. आधी हॉल ठरतो, मग चर्च. धर्मगुरू म्हणून मी तारीख लिहून घेतो, पण पेन्सिलनं.

मग कागदपत्रं. बाप्तिस्म्याचा दाखला सहा महिन्यांच्या आतला लागतो. आई कपाटात जपलेला, घडीवर विरलेला दाखला काढून देते आणि तो चालत नाही म्हटलं की तिला वाईट वाटतं. बाप्तिस्मा एकदाच झाला, मग दाखला शिळा कसा होईल? मी तिला नोंदवही उघडून दाखवतो. प्रत्येक नावाशेजारी समास सोडलेला असतो. पुढे त्या माणसाचं लग्न जगात कुठल्याही चर्चमध्ये झालं, तरी त्याची खबर याच वहीकडे यायची असते आणि याच समासात लिहायची असते. नवा दाखला देताना समासही वाचला जातो. समासात लग्नाची नोंद नसेल, तरच पुढे जायचं. त्याशिवाय दोघांच्याही पॅरिशमध्ये रविवारच्या मिस्सात नावं वाचतात. एखादी अडचण ठाऊक असलेल्यानं ती कळवलीच पाहिजे, असा चर्चचा नियम आहे.

विवाह तयारीचा कोर्सही असतो. तिथे डॉक्टर बोलतात, संसारात मुरलेली जोडपी बोलतात. पैसा, सासर, मुलं असे सगळे विषय निघतात. कोर्स उपयोगी आहेच. तरी मला सगळ्यात मोलाची वाटते ती विवाहपूर्व चौकशी, कारण तिथे मुलगा आणि मुलगी वेगवेगळे आत येतात. आई बाहेर, मामा बाहेर, होणारा जोडीदारही बाहेर. बायबलवर हात ठेवून खरं सांगायची शपथ घ्यायची आणि एकेका प्रश्नाचं उत्तर द्यायचं. आधी लग्न झालंय का? दोघांत रक्ताचं नातं आहे का? मूल हवं आहे ना? मनात काही अट आहे का? कुणाच्या दबावाखाली हे लग्न करताय का?

या शेवटच्या प्रश्नावर बहुतेक जण हसतात आणि लगेच ‘नाही’ म्हणतात. एक मुलगी हसली नाही. ती कोण, कुठली, ते कुणालाही कळू नये म्हणून एवढंच सांगतो. बराच वेळ ती टेबलाच्या कडेवरून बोट फिरवत राहिली. मग तिनं विचारलं, “फादर, हॉलचं डिपॉझिट परत मिळतं का?”

मी फॉर्म मिटला आणि नुसतं ऐकत बसलो. शेवटी तिला म्हटलं, “घरी माझं नाव सांग. फादरांनी तारीख पुढे ढकलली म्हणावं.” चर्चच्या कायद्यानुसार दोघांच्या संमतीनंच लग्न होतं आणि ती संमती त्यांच्या वतीनं दुसरं कुणीही देऊ शकत नाही. जबरदस्तीनं किंवा मोठ्या भीतीपोटी दिलेला होकार चर्च धरतच नाही. असं असताना आईवडिलांचा राग ओढवून घेणं हे माझं कामच आहे.

जोडीदार हिंदू किंवा मुसलमान असेल तेव्हा बिशपांची खास परवानगी काढावी लागते. अशा घरांत एक गैरसमज घट्ट बसलेला दिसतो, की लग्नासाठी बाप्तिस्मा घ्यावाच लागतो. तसं मुळीच नाही. आपली श्रद्धा जपण्याचं आणि मुलांना कॅथलिक संस्कार देण्यासाठी शक्य ते सगळं करण्याचं वचन कॅथलिक व्यक्तीनं द्यायचं असतं; दुसऱ्या व्यक्तीला त्याची फक्त स्पष्ट कल्पना द्यायची असते. 1872 च्या भारतीय ख्रिस्ती विवाह कायद्यालाही दोघांपैकी एक जण ख्रिस्ती असला की पुरतं. नुसतं लग्न लागावं म्हणून बाप्तिस्मा मागणाऱ्याला मी थांबायला सांगतो.

शेवटी चर्चमध्ये सराव होतो. करवल्यांनी कुठे उभं राहायचं, अंगठ्या कुणाकडे द्यायच्या, हे पटकन उरकतं. वेळ लागतो तो वचनांना. मुलं शाळेत कविता म्हणावी तशी माझ्याकडे बघून ती म्हणून टाकतात. आमच्या परंपरेत हा संस्कार वर आणि वधू एकमेकांना देतात. चर्चच्या वतीनं त्यांची संमती विचारायची आणि स्वीकारायची, एवढं काम माझं. म्हणून सरावात मी दोघांना समोरासमोर वळवतो आणि सांगतो, “मला नको सांगूस, तिला सांग.”